न दिलेली दवंडी

लातूरच्या आमच्या ऑफिसात दवंडी द्यायची पद्धत होती. पुण्यात हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात, आणि मीही त्यांच्याबरोबर हसते. मग घरी आल्यावर मला माझीच किळस येते. त्या दवंडीला हसायचा हक्क जगात कुणालाही असेल, मला नाही.

ऑफिस म्हणजे औसा रोडवरच्या एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक धरून आम्ही पाच जण. मुलींच्या वसतिगृहांसाठी आम्ही एक वेब ॲप चालवत होतो. शिकवणीसाठी गावोगावच्या पोरी लातूरला येऊन राहतात. गेटवर अंगठा लावून बाहेर जायचं, अंगठा लावून आत यायचं. ठरल्या वेळेपर्यंत जी आत आली नाही, तिच्या घरी आपोआप मेसेज जायचा, की आपली पाल्य वसतिगृहात परतलेली नाही. मी भोकरची. अकरावी-बारावी अशाच एका वसतिगृहात काढलेली. असा मेसेज आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनवर आला असता तर घरात काय झालं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दवंडीची पद्धत काढली होती सरांनी. त्यांना सगळेच सर म्हणत, मालकसुद्धा. वय पंचावन्नच्या पुढचं, मूळचे उदगीरचे. वीस वर्षं तिथं त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मशिनं भंगारात गेली, तेव्हा ज्या पोरांना त्यांनी टायपिंग शिकवलं होतं, त्यांच्याच शेजारी बसून ते कॉम्प्युटर शिकले. शर्ट कायम पांढरा, खिशात दोन पेनं. फिरत्या खुर्चीवर बसायचे नाहीत. म्हणायचे, "बूड फिरलं की डोकं फिरतं." स्वतःची लोखंडी घडीची खुर्ची त्यांनी घरून आणली होती. की-बोर्डवर बोटं पडायची ती मात्र बघत राहावी अशी. नजर पडद्यावर, पाठ ताठ, आणि एक अक्षर कधी मागं येऊन खोडलेलं मी पाहिलं नाही.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी भोकर. शेजारचा निलंगा. पलीकडचा अहमदपूर. "भोकर, हिकडं ये जरा," अशी हाक आली की समजायचं, आपल्या कामात काहीतरी सापडलंय.

पहिल्याच आठवड्यात मला तशी हाक आली. मी परतीची संध्याकाळी सातची वेळ सरळ कोडात लिहून टाकली होती, ती पण तीन ठिकाणी. सरांनी चष्मा वर केला.

"ही येळ हितं कामून कोंबलीस?"

"सर, सातच तर आहे ना."

"आज सात हाय. उद्या वार्डनबाई म्हनली साडेसात, मग काय आख्खं घर उकरूलालीस का? अन् तीनपैकी एक ऱ्हायलं म्हंजे?"

मग त्यांनी मला ती फाईल दाखवली. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना दिसेल अशा सामाईक फोल्डरात एकच फाईल होती. बदलू शकेल असं जे जे काही, ते सगळं तीत. परतीची वेळ, मेसेजचा मजकूर, कोणत्या वसतिगृहाचं कोणतं मशीन, सुट्टीचे दिवस. ॲपच्या ज्या भागाला जे हवं ते त्यानं तिथूनच घ्यायचं, स्वतःच्या कोडात लिहून ठेवायचं नाही. "एकाच आडाचं पाणी," सर म्हणायचे. पासवर्ड तेवढे फाईलमध्ये नव्हते. "ते हितं," असं म्हणून ते कपाळावर बोट ठेवायचे. त्यांना सगळे पासवर्ड पाठ होते, आणि फाईलमधल्या नोंदीही. पाठांतराचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवायचेही नाहीत.

एकच फाईल असल्याचा तोटाही होता. एकानं काही बदललं की ते सगळ्यांचंच बदलायचं. त्यावर सरांचा उतारा म्हणजे दवंडी. फाईलमध्ये हात घालायच्या आधी उभं राहायचं, आणि खणखणीत आवाजात सांगायचं, "ऐका! परतीची वेळ सातवरनं साडेसात!" असं तीनदा. बाकीच्या प्रत्येकानं "ऐकलं" म्हणायचं. मग बदलायचं. मग सरांच्या लांबलचक वहीत लिहायचं: जुनं काय, नवं काय, बदलणारा कोण, ऐकणारे कोण. मालक फोनवर असले तरी सूट नाही. एकदा मालकांनी कुठल्याशा मोठ्या माणसाशी बोलता बोलता हात वर करून फोनवरच "ऐकलं" म्हटलं, आणि पलीकडच्या माणसाला वाटलं आपला शब्द मान्य झाला. ते निस्तरायला मालकांना आठवडा लागला. सर म्हणाले, "आमची दवंडी पाळली तुमी, आता त्येची बी पाळा."

"भाजीत मीठ एकानं टाकलं अन् दुसरीला सांगितलं न्हाई, तर दुसरी परत टाकती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "मीठ वाईट नस्तं, न सांगनं वाईट."

मला दवंडीची लाज वाटायची. आता ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांच्यापुढं ती लाज म्हणजे काहीच नाही, पण तेव्हा वाटायची. कॉलेजातल्या मैत्रिणी पुण्यात काचेच्या इमारतींत कामाला लागलेल्या, आणि मी इथं खुर्चीवरून उठून "ऐका!" म्हणून ओरडतेय. माझा आवाज मुद्दाम बारीक निघायचा. सर म्हणायचे, "भोकर, पोटातनं काढ. मांजर मेल्यावानी काय करूलालीस?" आणि निलंगा-अहमदपूर दात काढायचे.

तरी सरांकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठंच शिकले नाही. दुपारी ते डबा उघडायचे. भाकरी, कांदा आणि काकूंच्या हातची हिरव्या मिरचीची चटणी. अर्धी भाकरी माझ्या डब्याच्या झाकणात यायची, न विचारता. मी मेसवर जेवते हे त्यांना कळल्यापासून एक भाकरी जास्तच येत होती. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही कधी आभार मानले नाहीत.

त्या दिवशी पुण्याहून एक मॅडम आल्या. ॲप बघायचं हे निमित्त होतं, खरं म्हणजे त्यांना माणसं हवी होती, आणि मैत्रिणीनं माझं नाव दिलं होतं. मालक बाहेरगावी. मी मॅडमना बाहेरच्या खोलीत बसवलं, सर आणि बाकीचे आतल्या. दार मीच ओढून घेतलं. लोखंडी खुर्ची, मिरचीचा वास, हे त्यांना दिसू नये म्हणून.

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मला मॅडमना दाखवायचं होतं की वेळ उलटली की मेसेज कसा जातो. माझ्या लॅपटॉपवर नमुन्याचं ॲप होतं, खोट्या मुलींची नावं आणि पालक म्हणून मॅडमचा नंबर घातलेलं. पण तेही त्याच सामाईक फाईलमधून वेळ घ्यायचं. वेळ होती संध्याकाळची सात. ती सकाळची अकरा केली असती तर मेसेज लगेच गेला असता.

त्यासाठी उभं राहून ओरडायला हवं होतं.

मी दाराकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. त्यांच्या हातात छोटासा भारी फोन होता. मी गुपचूप सातची अकरा केली आणि नमुन्याचं ॲप नव्यानं सुरू केलं. मनात म्हटलं, दहा मिनिटांत परत सात करू, कुणाला पत्ता लागणार आहे? खरं चालू असलेलं ॲप ती फाईल फक्त सुरू होताना एकदा वाचायचं, आणि मग तेच धरून बसायचं. बंद करून परत चालू केल्याशिवाय त्याला बदल कळत नसे. म्हणजे धोका नव्हता, असा माझा शहाणपणा.

मॅडमच्या फोनवर मेसेज वाजला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, चल, बाहेर जेवू या, बोलू या निवांत. आणि मी गेले. पगार, राहायची सोय, कंपनीची बस, हे ऐकताना सात आणि अकरा हे आकडे माझ्या डोक्यातून साफ पुसले गेले होते.

अडीचला मी जिना चढले तेव्हा वर ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजत होते.

झालं होतं ते असं. एक वाजता एका वसतिगृहाचं अंगठ्याचं मशीन अडकलं. असं महिन्यातून दोनदा व्हायचं, आणि उपायही साधाच होता. सरांनी ॲप बंद करून परत चालू केलं. चालू होताना ॲपनं फाईल वाचली. परतीची वेळ अकरा. एक वाजलेला. आणि सगळ्या पोरी क्लासला बाहेर गेलेल्या. चारशेच्या वर घरांत एकाच वेळी मेसेज गेला, की आपली पाल्य वसतिगृहात परतलेली नाही. पोरींचे फोन वार्डनकडं जमा असतात, त्यामुळं घरच्यांनी पोरींना लावलेला एकही फोन लागला नाही.

सर फाईल उघडून बसले होते. मी पडद्यावर ती अकरा पाहिली आणि काय झालंय ते मला तिथंच कळलं. सरांनी एकेकाला विचारलं.

"निलंगा, तू हात लावलास?"

"न्हाई सर, शप्पत."

"अहमदपूर?"

"न्हाई."

माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, हे मला अजून दिसतं. विचारायची रीत म्हणून विचारलं त्यांनी.

"भोकर, तू?"

"न्हाई सर," मी म्हणाले.

इतकं सोपं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सर्व्हरवर सगळ्यांचा एकच लॉगिन होता. कुणी काय बदललं हे वहीशिवाय दुसरं काही सांगू शकत नव्हतं, आणि वहीत त्या दिवशीची ओळ नव्हती. सरांनी वहीची मागची पानं चाळली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "सकाळी धाला मीच उघडली व्हती फाईल, वहीशी ताडायला. गेल्या हप्त्यात सुट्टीवरनं पोरी परत यायच्या म्हून सकाळी अकराचीच येळ लावली व्हती. तेच बोटात बसलं आसंन. बोटं जुन्या मजकुरावर जात्यात. पन माझ्या ध्यानात कसं न्हाई?"

निलंगा म्हणाला, "सर, दुसऱ्या कुनी केलं आसंल."

"दुसरं कोन हाय? तुमी तिघं न्हाई म्हनलाव. भोकर खोटं बोलत न्हाई."

साडेतीनच्या सुमारास शिरूर अनंतपाळकडचे एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. फवारणी करताना निघाले असावेत, अंगाला औषधाचा वास, एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठं पडली ते त्यांनाही सांगता आलं नाही. जिना चढून आले ते सरळ ओरडत, "माझी पोरगी कुठं हाय?"

सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी हात जोडले. "पोरगी क्लासात हाय दादा. सुखरूप हाय. चूक माझी हाय."

त्या माणसानं सरांचा शर्ट गच्च धरला. पेनं खाली पडली. सर हलले नाहीत, हातही सोडवला नाही. अहमदपूरनं क्लासच्या ऑफिसात फोन लावून पोरीला बोलावलं, फोन बापाच्या कानाला लावला. "बाबा, काय झालं?" एवढं ऐकलं आणि तो माणूस तिथंच फरशीवर बसला, आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. मी पाणी आणून दिलं. पिऊन झाल्यावर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सुखी ऱ्हा माय."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मॅडमनी दिलेलं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, आणि मूग गिळून बसायला काही लागत नाही. मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले.

संध्याकाळी मालक आले. रागावले, पण सरांना जा म्हणाले नाहीत. सरच म्हणाले, "उद्या आनखी काय करीन, भरवसा काय? लोकांच्या लेकरांचं काम हाय हे." आठवडाभरात त्यांनी काम सोडलं. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. "तू सांभाळ. तूच नीट लिवतीस." खुर्ची घडी करून रिक्षात टाकली आणि गेले.

वहीतली शेवटची ओळ त्यांच्याच वळणदार अक्षरात होती. परतीची वेळ, जुनी सात, नवी अकरा. बदलणारा: मी. ऐकणारे या रकान्यात काही नव्हतं. आणि बाजूला बारीक लिहिलं होतं, आठवत नाही. महिन्याभरात मी पुण्याला निघाले तेव्हा ती वही मी ऑफिसातच ठेवली. निलंग्याला म्हटलं, सरांनी तुझ्याकडं द्यायला सांगितली होती. तेही खोटंच.

तीन वर्षं गेली. या काळात सरांचा नंबर मी कितीदा तरी काढला आणि ठेवून दिला. स्वतःची समजूत घालायला कारणं भरपूर होती. सर तसेही थकले होते. त्यांना घरी आरामच मिळत असेल. एवढी जुनी गोष्ट उकरून काढून कुणाचं भलं होणार? नुकसान काय ते नोकरीचं, असं मी धरून चालले होते. त्याहून मोठं काही मी त्यांचं नेलंय, हे मला उदगीरला गेल्यावर कळलं.

निलंग्याचं लग्न उदगीरला होतं. मांडवात त्यानंच सांगितलं, "सर हितंच असत्यात. पन बरं न्हाई म्हनं त्यास्नी. इसरत्यात." जेवणही न करता मी निघाले.

दार काकूंनी उघडलं. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, भाकरी मात्र दोन वर्षं खाल्लेली. ओसरीत सर बसले होते, त्याच लोखंडी खुर्चीवर. अंगानं उतरलेले, पण शर्ट पांढराच. मला पाहताच म्हणाले, "भोकर!" मला इतकं बरं वाटलं. मग त्यांनी काकूंकडं मान वळवली आणि हळूच विचारलं, "भोकरच हाय न्हवं ही?"

काकू "हाव" म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. चहा टाकता टाकता सांगू लागल्या. सर आता गाडी चालवत नाहीत. कुलूप लावलं की चारदा ओढून बघतात. गल्लीतली पोरं टायपिंग शिकवा म्हणून आली तर त्यांनी नाही म्हणून लावून दिली. बोलता बोलता अडखळले की तिथंच थांबतात, पुढं बोलतच नाहीत.

"लातूरच्या मोठ्या डाक्टरला दाखीवलं," काकू म्हणाल्या. "डोक्याचं फोटो काढलं. डाक्टर म्हनला, कायबी न्हाई, तुमच्या वयात माझ्यापेक्षा चांगलं ध्यानात ऱ्हातंय तुमच्या. तर हे म्हनत्यात, डाक्टरला काय ठाव माझ्या हातनं काय झालं ते? चारशे घरं रडीवली मी, अन् मला आठवतबी न्हाई." त्यांनी कपात चहा ओतला. "भाईर निघाले की मी खिशात चिठ्ठी ठिवते. नाव, पत्ता, माझा फोन. त्येनीच सांगितलंय ठिवायला."

मी चहा हातात घेऊन बाहेर आले आणि सरांच्या समोर बसले. प्रस्तावना मला जमली नाही. "सर, ती वेळ मी बदलली होती," एवढंच म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. मॅडम, ओढून घेतलेलं दार, जेवण, नोकरी. रडले नाही. रडायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

सर रागावले असते तर मी सुटले असते. ते रागावले नाहीत. परीक्षेचे पेपर तपासायला बसल्यासारखे ताठ झाले.

"किती वाजता बदललीस?"

"अकरा वीसला."

"अन् मी धाला बगितली व्हती."

"हो सर."

"तवा सात व्हती?"

"सातच होती सर. तुम्ही काहीच चुकवलं नव्हतं."

सरांनी आतल्या दाराकडं मान वळवली. मग मोठ्यानं हाक मारली. "अगं, आयकलीस का? सात व्हती! मी बगितली तवा सातच व्हती!"

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सरांनी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि त्यांच्यापुढं धरली. "हे नगं आता." काकूंनी चिठ्ठी घेतली नाही. त्या सरांकडं बघतही नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

"तीन वरसं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "एक फोन कराया किती येळ लागतो, बाई?"

उत्तर मला माहीत होतं. निदान या वेळी तरी मी खरं बोलले.

"एक मिनिट, काकू."